जाते

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. ठाण्याच्या खाडीकडच्या शाळेत मी मराठी शिकवायचो. वाटेत मिठागरावर कामाला निघालेली एक बाई रोज दिसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. तिच्या ओट्यावर चौदा-पंधरा वर्षांची आंधळी मुलगी खांब घट्ट धरून बसलेली असायची. पोटची नव्हे, सांभाळायला आणलेली. बाई तिचा हात आपल्या गालाला लावायची आणि म्हणायची, "जाते."

घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणतं का? 'येते' म्हणतात. माझ्या कानाला ते रोज टोचायचं. शेवटी मी विचारलंच.

डोक्यावरची चुंबळ सारखी करत ती म्हणाली, "मास्तर, हिला तीन घरांनी 'येतो' सांगून सोडली. तो शब्द ऐकला का ही थरथरते, जेवत नाय. म्हनून मी 'जाते' सांगते, आन् येते."

पुढे होळीच्या सुमारास एका सकाळी ती "जाते" म्हणाली, तेव्हा मुलीचे दोन्ही हात खांब सोडून मांडीवर होते.

"जा," मुलगी म्हणाली, "ऊन चढंल."