आठवड्यातला एक तास

हर्षवर्धन गजभारे हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या एका खासगी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा. चौदा वर्षं एकच विषय, एकच वर्ग, त्यामुळे पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. राष्ट्रीय उत्पन्नाचा धडा आला की तो गहू, पीठ आणि पाव यांचं उदाहरण घ्यायचा. शेतकऱ्यानं गहू पिकवला, गिरणीत त्याचं पीठ झालं, बेकरीवाल्यानं पाव भाजला. प्रत्येकानं जी भर घातली तेवढीच मोजायची, नाहीतर एकच गहू तीनदा मोजला जातो. मुलांना हे चटकन कळायचं. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, पाव कशाला? जोन्न रोट्टे घ्या ना. इथं तेच जास्त खातात."

जोन्न रोट्टे म्हणजे ज्वारीची भाकरी. हर्षवर्धन म्हणाला, "परीक्षेत पावच येतो," आणि फळ्याकडे वळला.

त्याची आई कोंडाबाई कुकटपल्लीत रस्त्याच्या कडेला भाकरी करून विकायची. रोज संध्याकाळी, सत्तावीस वर्षं.

हे कुटुंब मूळचं देगलूरकडचं. वडील हिम्मतराव कुकटपल्लीच्या एका कारखान्यात हेल्पर होते. हर्षवर्धन सातवीत असताना तो कारखाना बंद पडला. पुढं एम.ए.ला त्यानं उदारीकरणावर वीस पानी निबंध लिहिला, त्यात बंद पडलेल्या कारखान्यांना एक परिच्छेद मिळाला होता. घरात मात्र त्या परिच्छेदाचा अर्थ वेगळा होता. वडील खाटेवर पडून राहू लागले, आणि एक दिवस आईनं काटवट, तवा आणि शेगडी उचलून बसस्टॉपच्या बाजूला मांडली. वडील गेले तेव्हाही ती तेराव्या दिवसाची वाट न बघता आठवड्यात परत तिथं बसली. हर्षवर्धनची फी, त्याची पुस्तकं, बी.एड.चा खर्च, सगळं त्या तव्यावर भागलं होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यानं कॉलेजजवळ फ्लॅट घेतला. त्याची बायको माधवी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होती, मुलगी चौथीत. आता आईनं घरी बसावं, असं त्याला वाटत होतं. त्यानं ते सांगूनही बघितलं.

"बसून काय करू?" कोंडाबाई म्हणाली. "माणसं वाट बघत्यात माझी."

आणि ती दोन बस बदलून दुपारी तीनला कुकटपल्लीला निघायची. हर्षवर्धननं मग विषय सोडला. कुणी विचारलंच तर तो सांगायचा, "आई आता आराम करते, नातीला सांभाळते." लहानपणापासून तो तिला माय म्हणत आला होता. लोकांपुढं मात्र 'आई' हा शब्द कधी तोंडात बसला ते त्याचं त्यालाही आठवत नव्हतं.

कॉलेजात गणिताला मंदार नावाचे एक सर होते, पुण्याचे. त्यांची बायको आयटीत, म्हणून ते कुकटपल्लीत राहायचे. एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी हर्षवर्धनपुढं धरली.

"खाऊन बघा. आमच्या बसस्टॉपवर एक मावशी करते. रात्रीची आहे, पण अजून मऊ. आणि मराठी बोलते हो! तुमच्याच भागातली असेल."

हर्षवर्धननं भाकरीचा पापुद्रा उचलून बघितला. कडेला बोटांचे ठसे होते. त्यानं तुकडा मोडला, खाल्ला आणि म्हणाला, "चांगली आहे."

 त्या दिवशी शेवटच्या तासाला त्यानं फळ्यावर एकच आकृती दोनदा काढली. पण माणूस अशा गोष्टींनाही सरावतो. पुढं मंदार सर भाकरी आणायचे, आणि तोही खायचा.

मग एका रविवारी सकाळी दारावर बेल वाजली. बाहेर सरकारी सर्वेक्षणाची बाई होती, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. रोजगाराच्या पाहणीसाठी जी घरं निवडली होती, त्यात यांचं घर आलं होतं. हर्षवर्धननं दार उघडताच ती ओरडलीच, "सर! मैं अपर्णा. इंटर में आपके क्लास में थी!"

त्यानं तिला ओळखलं. हुशार, नेटकी वही ठेवणारी मुलगी. आता पदवी घेऊन कंत्राटावर हे काम करत होती. आपली विद्यार्थिनी बेरोजगारीचा दर मोजते आहे याचा त्याला अभिमान वाटला. त्यानं तिला हॉलमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखालच्या सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. माधवी ड्युटीवर होती, मुलगी चित्रकलेच्या क्लासला. स्वयंपाकघरात कोंडाबाई संध्याकाळचं पीठ चाळत होती, चाळणीचा आवाज बाहेर येत होता.

अपर्णानं एकेकाचं विचारायला सुरुवात केली. वय किती, शिक्षण किती, गेल्या सात दिवसांत कोणत्या दिवशी काय काम केलं. त्याचं झालं, माधवीचं झालं.

"और अम्मा, सर?"

"आई घरीच असते," हर्षवर्धन म्हणाला. "घरकाम. बस."

स्वयंपाकघरातली चाळणी थांबली.

अपर्णानं मान वर केली. "एक घंटा भी नै, सर? कुछ बेचना, सीना, कुछ भी? आप ईच पढाए थे ना, हफ्ते में एक घंटा करे तो भी काम है बोलके."

त्यानंच शिकवलं होतं. आठवड्यात एखाद्या दिवशी एक तास जरी कमाईचं काम केलं तरी तो माणूस रोजगारात धरतात. हा नियम तो वर्गात दोनदा सांगायचा, कारण मुलं नेमकी तिथं चुकायची. आता चाळीस वर्षांचा तो माणूस सोफ्याच्या कडेला बसून आपल्या विद्यार्थिनीला म्हणाला, "नाही. काहीच नाही."

"अम्मा घर पे हैं तो उनसेच पूछ लेती, सर. हमको वैसेच बोलते."

हाक मारावीच लागली नाही. कोंडाबाई दारात येऊन उभी होती. कोपरापर्यंत हात पिठानं पांढरे. तिनं आधी मुलाकडे बघितलं, मग त्या मुलीकडे, आणि आपल्या हैदराबादी हिंदीत म्हणाली, "मैं कुच्छ नै करती अम्मा. घर मेंच रैती."

अपर्णाची नजर त्या हातांवर गेली. मग सरांकडे. सरांनी टॅबकडे बघितलं. तिनं बोट फिरवलं, पुढचा प्रश्न विचारला, आणि उठताना सांगितलं की निवडलेल्या घरी चार महिने लागोपाठ यायचं असतं, तर ती पुढच्या महिन्यात परत येईल.

त्या दुपारी तीन वाजले, चार वाजले, कोंडाबाई घरातून निघाली नाही. सोमवारीही नाही. हर्षवर्धनला वाटलं, बरं नसेल. आठवडा गेला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की तिनं काम सोडलं आहे. त्याला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगायलाही लाज वाटावी असं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटलं. चाळून ठेवलेलं पीठ डब्यात कडू झालं आणि माधवीनं ते टाकून दिलं. तिनं नवऱ्याला विचारलं, "काय झालंय आत्यांना?" तो म्हणाला, "थकली असेल. कधीतरी थांबायचंच होतं ना."

तिसऱ्या आठवड्यात मंदार सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "अहो, आमची ती भाकरीवाली मावशी गायब आहे. दुसरीच बाई बसते तिथं. आजारी तर नसेल? बायकोनं आसपास चौकशी केली, कुणालाच घर माहीत नाही."

कुणीतरी तिची चौकशी करत फिरलं होतं. हर्षवर्धनच्या हातातला डबा तसाच राहिला. आणि ठरवून नव्हे, दुसरं काही सुचेना म्हणून तो म्हणाला, "ती माझी आई आहे."

मंदार सर आधी हसले, मग त्याचा चेहरा बघून त्यांनी हातातला घास खाली ठेवला. हळूच म्हणाले, "पण मी त्यांना आपल्या कॉलेजचं नाव सांगितलं होतं हो. मागच्या वर्षीच. मी म्हटलं, मी अमुक कॉलेजात शिकवतो. तर म्हणाल्या, चांगलं कॉलेज हाय म्हणत्यात. आणि तेव्हापासून रोज दोन भाकऱ्या जास्तीच्या बांधून द्यायच्या. डब्यात न्या म्हणायच्या, कुणाला द्यायला झाल्या तर."

हर्षवर्धन उठून बाहेर गेला. व्हरांड्यात मुलं होती, म्हणून तो जिन्यावर गेला. तिथंही मुलं होती. शेवटी तो रिकाम्या वर्गात जाऊन बाकावर बसला. म्हणजे तिला वर्षभर ठाऊक होतं. आपली भाकरी कुठं जाते आणि ती खाऊन कोण गप्प बसतं, हे जाणून ती रोज त्यात दोन भाकऱ्यांची भर घालत होती.

घरी आल्यावर तो आईच्या खोलीत गेला. ती खाटेवर बसून नातीच्या फ्रॉकला बटण लावत होती.

"माय, तू कामून जाईनास कुकटपल्लीला?"

कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून ती बोली निघाली. कोंडाबाईनं सुई थांबवली नाही.

"तूच सांगितलंस ना त्या पोरीला. मी काय करत न्हाई म्हणून."

"तोंडातून निघून गेलं, माय."

"निघून कशाचं जातंय. इचार करून बोल्लास तू." तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच त्याला जास्त लागलं. "सरकारी कागद हाय बाबा तो. तू सही-शिक्क्याचा माणूस. उद्या कुणी बघितलं, की ह्याची माय तर रस्त्यावर बसतीया, तर तुझ्यावर यील. म्हणून म्या म्हणलं, खरंच बसू नये."

त्याला सांगायचं होतं की त्या कागदावर नाव बघून कुणी कुणाला पकडत नाही, ते आकडे सगळे एकत्र मिसळून जातात.  त्याचं खोटं खरं व्हावं म्हणून तिनं सत्तावीस वर्षांची जागा सोडली होती, आणि तो तिला आकडेवारी समजावून सांगणार होता. तो तिच्या पायापाशी जमिनीवर बसला आणि म्हणाला, "चूक झाली माझी. मला लाज वाटायची, माय."

"ठाऊक हाय की," ती म्हणाली आणि दातानं दोरा तोडला.

दुसऱ्या दिवशी तो तिला घेऊन कुकटपल्लीला गेला. तिच्या जागी महबूबनगरकडची एक बाई गाडा लावून बसली होती, पाठीशी दोन पोरं. हर्षवर्धन पुढं होऊन बोलायला लागला, तशी कोंडाबाईनं त्याचा दंड धरला. "नक्को. तिचं पोट हाय त्यावर. जागा काय माझ्या नावावर हाय?" ती त्या बाईशी तेलुगूत दोन शब्द बोलली, तव्याकडे बघून आच कमी कर म्हणाली, आणि परत बसस्टॉपवर येऊन उभी राहिली.

पुढच्या दिवसांत ती सकाळी लवकर बाहेर पडायला लागली. विहारात जात असेल, असं हर्षवर्धनला वाटलं. विचारायचं धाडस त्यानं केलं नाही.

महिना भरताच अपर्णा आली. या वेळी ती सरांच्या नजरेला नजर देत नव्हती. हर्षवर्धन तिनं टॅब उघडायच्या आत बोलला. गेल्या महिन्यात आपण खोटं सांगितलं, आई भाकरी विकत होती, रोज पाच तास, आठवड्याचे सातही दिवस. ते दुरुस्त कर.

अपर्णानं मान हलवली. "वो महीने का चला गया, सर. अब मेरे हात में नै."

म्हणजे देशाच्या हिशेबात त्या महिन्यात कोंडाबाई गजभारे काहीच करत नव्हती, आणि तसंच राहणार होतं.

"इस हफ्ते का बताओ, सर. अम्मा कुछ काम करे?"

"नाही," तो म्हणाला. या वेळी ते खरं होतं आणि म्हणायला जास्त जड.

"काम के वास्ते तैयार हैं? कहीं ढूँढे?"

हर्षवर्धन याचंही 'नाही' म्हणणार होता. तेवढ्यात कोंडाबाई आतून येऊन सोफ्यावर त्याच्या शेजारी बसली.

"हौ. ढूँढरूँ ना," ती म्हणाली. "रोज सुबू को जाती. गौलीगुडा के बस अड्डे के पास देखी, वहाँ पुलिसवाला बैठने नै देरा. इधर नुक्कड पे दवा की दुकान है ना, वो सेठ बोला सोचके बोलता."

अपर्णाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. तिनं नोंद केली आणि मग, विद्यार्थिनी उत्तर तपासून घेते तसं, विचारलं, "सर, ये लेबर फोर्स में आते ना?"

"येतात," हर्षवर्धन म्हणाला. काम नसलं तरी जो काम शोधतो तो श्रमशक्तीत मोजला जातो, हे त्यानं शेकडो मुलांना शिकवलं होतं. आपली आई बासष्टाव्या वर्षी सकाळी उठून जागा शोधत दारोदार फिरते, हे मात्र त्याला या क्षणी, परक्या मुलीच्या प्रश्नामुळे कळलं होतं.

दवावाल्या सेठनं होकार दिला. नुक्कडावर कोंडाबाईची शेगडी लागली, कॉलेजपासून चार मिनिटांवर. सिलिंडर हर्षवर्धन स्वतः उचलून नेतो. कॉलेज सुटल्यावर मुलं तिथं थांबतात, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेतात, आणि सर समोरून आले की "नमस्ते सर" म्हणतात. तो थांबतो आणि सांगतो, "या माझ्या आई."

रोज नाही. एखाद्या संध्याकाळी बरोबर प्राचार्य असतात, किंवा एखाद्या मुलाचे वडील, आणि मग त्याचे पाय पलीकडच्या गल्लीत वळतात. त्या रात्री तो जेवताना मान खाली घालून जेवतो. कोंडाबाई त्याच्या ताटात भाकरी वाढते.