पुढच्या खेपेचं लोखंड

शेजारच्या काकांना मी स्कूटरवर इंदरगंजच्या वर्कशॉपात नेते, कारण त्यांना आता नीट दिसत नाही आणि त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन तिथे उघडून पडलंय. उजव्या तर्जनीचं नख ते कधी कापत नाहीत. डोळे मिटून ते नख सिलिंडरच्या आतून फिरवत झीज चाचपतात आणि जिथे अडकतं, तिथे थांबतात. तेवढ्यात कुणी बोललं, तर दुसरा हात वर करून त्याला गप्प बसवतात.

त्या दिवशी सिलिंडर आतून खरवडून नव्या पिस्टनच्या मापाचा करून देणारा बोरिंगवाला म्हणाला, "अंकल, सबसे बड़े वाले पिस्टन रखे हैं. आज ही बोर कर देता हूँ. छोटा साइज़ पता नहीं कब आएगा."

"नाही म्हणजे नाही." त्याच्याशी काका हट्टाने मराठीतच बोलतात आणि त्याला ते बरोबर कळतं.

मीही वैतागले. "काका, घ्या ना मोठे. उगाच कशाला रुकायचं?"

"अगं, सिलिंडर एकदा मोठा केला की परत लहान होत नाही. झिजलंय तेवढंच खरवडायचं. बाकीचं लोखंड पुढच्या खेपेला राहू दे."

"आणि पुढच्या खेपेला इंजिन उघडणार कोण?" माझ्या तोंडून निघून गेलं. काकांना मूलबाळ नाही.

ते चिडले नाहीत. लहान पिस्टनच मागवायला सांगून बाहेर आले, स्कूटरवर मागे बसले आणि माझा उजवा हात ओढून घेत, तर्जनी चिमटीत धरून म्हणाले, "या बोटाचं नख आता कापू नकोस."