कॅमेऱ्याच्या खिडकीवरची वाफ

आमच्या धरमपेठेतल्या घरी कॅमेरा पापडाच्या डब्यात राहायचा. एका पावसाळ्यात त्याच्या भिंगाला बुरशी धरली, तेव्हापासून ओल हा बाबांचा कट्टर शत्रू झाला. घरातली सगळ्यात कोरडी जागा कोणती, याचा त्यांनी पुष्कळ विचार केला आणि शेवटी आईच्या पापडाच्या डब्यावर येऊन थांबले.

"मग पापड कुठी ठेवू?" आईने विचारलं.

"पापड राहू दे न. कॅमेरा काही खात नाही."

तेव्हापासून कॅमेऱ्याला हिंगाचा वास यायचा. फोटो काढताना बाबांना हमखास भूक लागायची.

कॅमेरा जुन्या पद्धतीचा होता. फोटो ज्या भिंगातून निघायचा ते खाली, आणि बघायची खिडकी वेगळी, वरच्या कोपऱ्यात. या खिडकीवर वाफ धरली की बाबांचं डोकं फिरायचं. त्यासाठी त्यांनी नियम केले होते. बटण दाबताना श्वास रोखायचा. गार कॅमेरा उबेत आणायचा नाही. काचेवर कोरडा साबण चोळून मऊ फडक्याने पुसायचा, मग वाफ धरत नाही. नियम चांगले होते. पाळणारा माणूस मात्र बोलल्याशिवाय फोटो काढू शकत नव्हता, त्यामुळे श्वास रोखण्याचा नियम पहिल्याच फोटोला मोडायचा.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझं लग्न.

मला शाळेपासून चष्मा. तो काढला की मला समोरची गाय आणि स्कूटर सारखीच दिसते. मुलाकडच्यांना पाठवायचा फोटो काढायला गेले, तर स्टुडिओवाला म्हणाला, "चष्म्यावर लाइट चमकून राहिली, काढा." काढला. फोटोत मी अशी दिसत होते, की जणू जत्रेत हरवलेली मुलगी आईबापांना शोधते आहे. तरी एका ठिकाणाहून मंडळी आली. मी पोहे घेऊन बाहेर गेले, चष्म्यासकट. मुलाच्या आईने माझ्याकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि पोहे संपवून म्हणाली, "फोटोत तं चष्मा नव्हता. नंबर किती आहे?" फसवणूक झाल्यासारखी मंडळी उठून गेली. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला. मी आईबाबांना सांगून टाकलं, की यापुढे माझा फोटो जाईल तो चष्म्यासकट जाईल, नाही तर जाणार नाही. ज्याला नको असेल त्याने फोटो बघूनच नको म्हणावं, पोहे खाऊन नव्हे.

"मग बाहेर उन्हात काढू," बाबा म्हणाले. "उन्हात लाइट चमकत नाही. मी काढतो."

अमरावतीच्या एका मुलाकडच्यांनी माझा फोटो मागवला होता. मुलाचा फोटो आमच्याकडे आलेला होता; मुलगा बरा होता, पण नजर कुठेतरी लांब लागलेली. आई म्हणाली, विचारी दिसतो.

डिसेंबर होता. नरखेडजवळ मोठेबाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची, संत्र्याची बाग होती. आम्ही दोघं एसटीने आदल्या संध्याकाळी तिथे पोचलो. बाबांनी कॅमेरा रात्रभर बाहेर ओसरीच्या खुंटीला टांगला, म्हणजे त्याला ऊब लागायला नको. सकाळी थंडीत काढायचा तर थंडीतच झोपला पाहिजे, असा त्यांचा हिशेब.

हिशेब बरोबर होता. पण मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, सगळ्यांआधी उठली. ती माणसाला, गुराला आणि वस्तूला सारख्याच मायेने वागवायची. तिने कॅमेऱ्याला हात लावला, तर तो बर्फासारखा गार. तिने त्याला आत आणलं, चुलीजवळ पाटावर ठेवलं. चुलीवर आंघोळीचं पाणी खदखदत होतं.

बाबा उठून आले आणि ओरडलेच. "वहिनी! हे काय केलं?"

"काय केलं म्हणजे? बिचारा रातभर कुडकुडून राहिला होता," मोठी आई म्हणाली. वर तिने त्याला टोपडं घातल्यासारखं फडकंही गुंडाळलं होतं.

बघायची खिडकी पार पांढरी झाली होती. बाबांनी ती पुसली, न्हाणीतून साबण आणून चोळला, परत पुसली. काच लख्ख झाली. मीही तोच साबण माझ्या चष्म्याला चोळून घेतला. एवढ्या गडबडीत खालच्या भिंगाकडे बघायचं कोणालाच सुचलं नाही. बाबांना खिडकीतून बाग, झाडं, मुलगी सगळं स्वच्छ दिसत होतं. मग अजून काय पाहिजे?

बागेला आदल्या दिवशी पाणी दिलेलं, त्यामुळे झाडांमधून धुकं उठत होतं. बाबांनी कानांपासून नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. मी झाडाजवळ, मी फांदी धरून, मी हातात संत्रं घेऊन, मी विहिरीच्या काठाशी. "हास वं जरा! दात नको दाखवू! थोडे दाखव!" मोठी आई मागे उभी राहून माझा पदर सारखा करायला धावत होती आणि अर्ध्या फोटोंत तिचा हात आला असणार, अशी मला धास्ती.

तोवर ऊन झाडांच्या वर आलं. रोलमधला शेवटचा एकच फोटो उरला आणि बाबा थांबले. पुसून पुसून साबण निघून गेला होता. मफलरमधून वर जाणारा त्यांचा श्वास थेट खिडकीवर जात होता. पुसावं तर दुसऱ्या क्षणी पुन्हा पांढरी.

"मले काहीच दिसत नाही," बाबा म्हणाले. आवाज इतका केविलवाणा, की मला हसू आवरेना.

"मफलर काढा न!"

"काहून काढू? सर्दी होईल."

"मग मले दिसते. मी सांगतो तसं करा." आमच्याकडे मुलीही रागात "मी सांगतो" म्हणतात. "तुमचा कॅमेरा माझ्या पायाकडं पाहून राहिला. वर घ्या. अजून वर. आता डावीकडं. तुमच्या नाही, माझ्या डावीकडं! बाबा, माझ्या! हां, दाबा!"

बाबांनी श्वास रोखून बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा.

धुवायला दिलेला रोल आणायला आम्ही दुकानात गेलो, तर दुकानदाराने विचारलं, "साहेब, धुक्याचे फोटो काढले काय?" सगळ्या फोटोंत दुधात बुडवलेली एक बाई होती. चुलीजवळची वाफ भिंगावर बसली होती ती उन्हं वर येईपर्यंत हललीच नव्हती. खिडकी स्वच्छ होती तोवरचे सगळे फोटो वाया. आणि ज्या वेळी बाबांना काहीही दिसत नव्हतं, तो एकच फोटो लख्ख. त्यात माझं तोंड उघडं, भुवया चढलेल्या, एक हात डावीकडे फेकलेला आणि डोळ्यांवर चष्मा, दोन्ही काचांतून डोळे साफ दिसणारे.

"हा कसा पाठवायचा?" आई कळवळली. "पोरगी भांडून राहिली यात."

"हाच पाठवा," मी म्हणाले. बाबांनी बराच वेळ फोटो पाहिला आणि पाकिटात घातला. मला त्या दिवशी बाबा फार आवडले.

मंडळी आली. अमरावतीचा मुलगा दारातून आला आणि पहिला नमस्कार त्याने खुंटीवरच्या बाबांच्या कोटाला केला. मग खुर्ची चाचपून बसला. मी चहा घेऊन गेले. त्याने माझ्या दिशेने पाहिलं, म्हणजे माझ्यापासून हातभर बाजूला. मग खिशातून माझा फोटो काढला, नाकाजवळ नेला आणि निरखत राहिला. खिशात परत हात घातला. चष्मा बाहेर आला आणि डोळ्यांवर चढला. काचा माझ्यापेक्षा जाड.

त्याची आई दबक्या आवाजात म्हणाली, "काहून घातला? सांगितलं होतं न?"

"त्यांनी नाही काढला फोटोत," तो म्हणाला. "मग मी काहून काढू?"

त्याने घाईने कप तोंडाशी नेला आणि चहाच्या वाफेने त्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या. तो कप हातात धरून तसाच आंधळा बसून राहिला.

"कोरडा साबण चोळत जा," मी म्हणाले. "मग वाफ धरत नाही. सावकाश पुसा, मी बसली आहो इथंच."