येळवसेचा फेरा आणि डावा पाय

तुमच्या आजोबांना लकवा झाला तेव्हा ज्येष्ठ महिना होता. मुडबीच्या शेतात पेरणी चालू होती आणि आमची जमीन बटईनं करणाऱ्याला ते फोनवर तुरीच्या ओळी किती अंतरानं टाकायच्या हे सांगत होते. बोलता बोलता जीभ जड झाली, फोन हातातून सुटला. दवाखान्यात वेळेवर पोचलो म्हणून जीव वाचला. बोलणंही हळूहळू बरंचसं परत आलं. डावा हात आणि डावा पाय मात्र आले नाहीत. इतकं तुम्हाला ठाऊक आहे. पुढचं मी फोनवर दर वेळी थोडं गोड करून सांगत आले, त्यामुळे ते तुमच्यापर्यंत नीट पोचलेलं नाही. ते सलग लिहिते आहे.

आम्ही बसवकल्याणात राहिलो ते माझ्या शाळेमुळे. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते आणि ते मुडबीची शेती बघत. पण आसपासच्या गावांत त्यांना लोक ओळखत ते गोऱ्ह्यांसाठी. औताला कधी न जुंपलेला गोऱ्हा शिकवून तयार करायचा, तर पार निंबर्ग्याहून लोक त्यांच्याकडे येत. त्यांची रीत ठरलेली होती. नव्या गोऱ्ह्याला एका म्हाताऱ्या, शांत बैलाशेजारी जुंपायचं. औत लावायचं नाही, नुसता लाकडाचा ओंडका ओढायला द्यायचा. पहिल्या दिवशी थोडंच. तो दमायच्या आधी, अजून ओढायची हौस शिल्लक असताना सोडायचं. एका वेळी एकच गोष्ट शिकवायची. हातात चाबूक धरायचाच नाही. ट्रॅक्टर आल्यावर हे काम संपलं, पण कुणी विचारलं की त्यांचा चेहरा उजळायचा.

पायाला व्यायाम द्यायला एक मुलगी घरी येऊ लागली. माहेर आळंदकडचं, शिक्षण गुलबर्ग्याला. आजोबांना ती अज्जा म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, या पायानं तुम्हाला काय करायचं आहे? ते म्हणाले, चालायचं. ती म्हणाली, तसं तर सगळेच म्हणतात, चालून जायचं कुठं ते सांगा.  आजोबा म्हणाले, "येळवसेला शेताला फेरा मारायचाय."

येळवस तुम्ही पाहिलेली नाही. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडचे सगळे लोक शेतात जातात. कडब्याची कोप उभी करून तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव मांडतात. पूजा झाली की घरचा कर्ता माणूस शेताला प्रदक्षिणा घालतो. ज्वारीच्या पिठाची आंबवलेली पातळ आंबील डहाळीनं पिकावर शिंपडत, "ओलगे ओलगे" असं ओरडत धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या कडेनं, तो पूर्ण फिरतो. मग सगळे मिसळ भाज्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायला बसतात. लग्न झाल्यापासून आजोबांचा हा फेरा चुकलेला मी पाहिला नव्हता.

मग त्या मुलीनं दुसरा प्रश्न विचारला, आयुष्यात कुठलं काम सगळ्यांत चांगलं जमलं? ते म्हणाले, गोऱ्हे. ती हसली नाही. म्हणाली, मग हा पाय गोऱ्हाच समजा. आणि रोज सकाळी व्यायामाच्या आधी डोळे मिटून पूर्ण फेरा मनात मारायचा, एकही पाऊल न गाळता.

थोरले, त्याच सुमाराला तुझा तो व्हिडिओ आला होता, आपल्या अंगी जे बळ आहे ते ओळखा आणि ध्येय डोळ्यांपुढं उभं करा असं सांगणाऱ्या बाईंचा. असल्या गोष्टी मी सहसा अर्ध्यावर बंद करते. तो मात्र पूर्ण पाहिला आणि आजोबांना मराठीत करून सांगितला. ते म्हणाले, "आपली व्यायामाची पोरगी पण तेच सांगायलीय. मग खरंच असंल."

आणि ते खरं निघालं. मी रोज शेजारी बसून पाहिलं आहे. सकाळी चहा झाला की ते खुर्चीत डोळे मिटून बसत. कोपीपासून सुरुवात. बोरीच्या झाडाशी धुरा जरा चढतो, तिथं ते श्वास रोखायचे. वरच्या कोपऱ्यात वळले की मान किंचित उजवीकडं फिरायची. नंतर डोळे उघडून पायाशी बोलत. "चल रं बाळा. थोडंच. आज भिंतीपातूरच." उजवा पाय म्हणजे म्हातारा बैल, त्याच्या जोडीनं डावा. ती मुलगी अजून दहा वेळा करा म्हणायची आणि हे थांबायचे. "आता त्याला हौस आलीय. आता सोडायचा." ती माझ्याकडं बघायची. मी वेळापत्रक करून भिंतीला लावलं होतं, पण आजोबांनी त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. माझ्या वेळापत्रकापेक्षा त्यांची रीत लवकर फळाला येत होती, हे मला मान्य करावं लागलं.

गणपतीत ते काठी घेऊन उभे राहिले. दसऱ्यानंतर अंगणात तुळशीकट्ट्याभोवती फिरू लागले. शेजारपाजारचे लोक बघायला यायचे. समोरचे निवृत्त तलाठी थट्टेनं म्हणाले, आता ह्यांना गाडीला जुंपायला हरकत नाही. आजोबांनी उत्तर दिलं, "जुंपा. पण चाबूक हातात घेऊ नका, लाथ खावी लागंल."

इथं एका गोष्टीवरून त्या मुलीचं आणि त्यांचं वाजलं. ते तुळशीला उजवी घालूनच फिरत, म्हणजे प्रत्येक वळण उजवीकडं. ती म्हणाली, अज्जा, आता उलट्या बाजूनं फिरा. उजवीकडं वळताना सगळा भार चांगल्या पायावर येतो, डावा नुसता मागून ओढला जातो. डावीकडं वळलात तरच तो भार घ्यायला शिकेल.

आजोबांनी काठी टेकली. "तुळशीला उलटं फिरतात का कुठं?"

ती म्हणाली, बरं, तुळस राहू द्या. मधे खुर्ची ठेवते, खुर्चीभोवती फिरा. ते म्हणाले, खुर्ची असली तरी फेरा तो फेराच. उलटा फेरा माणूस चितेभोवती घालतो, ते तुला ठाऊक आहे. जिवंत माणसानं रोज सकाळी तसं फिरायचं नसतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिची बाजू घेतली. तेव्हा त्यांनी दुसरं कारण काढलं, "एका वेळी एकच शिकवायचं. शेताला फेरा उजवाच असतो. डावीकडं वळून मला जायचंय कुठं?"

आणि ते उजवीकडंच वळत राहिले. आपल्याकडची कितीतरी माणसं इथं अडली असती. मीसुद्धा देवळात कधी उलटी फिरलेली नाही.

येळवसेला आम्ही जीप करून मुडबीला गेलो. कोपीपाशी बटईदारानं सांगितलं की शेजारच्यानं पाइपलाइनसाठी चर खणला आहे आणि तो आपल्या धुऱ्यातून आरपार गेला आहे, शेवटच्या बाजूला. "अप्पा, तीनच बाजू करा. चौथी मी इकडून करून घेतो." आजोबा म्हणाले, बघू. बघू म्हणजे त्यांचं ठरलेलं असतं, हे मला माहीत होतं. मी म्हटलं, तीन बाजू म्हणजे भरपूर झालं. ते म्हणाले, "तीन बाजूंचा फेरा असतो व्हय?"

बटईदार आंबिलीची घागर खांद्यावर घेऊन पुढं निघाला. मी आजोबांच्या मागं. थोडं चालले की ते उभे राहायचे, काठी माझ्या हातावर अडकवायची, उजव्या हातानं डहाळी बुडवून हरभऱ्यावर शिंपडायचं, "ओलगे ओलगे" म्हणायचं आणि पुन्हा काठी घ्यायची. आवाज पूर्वीसारखा चढत नव्हता, पण शेजारच्या शेतांतल्या लोकांनी तो ओळखला आणि तिकडून हाका आल्या. बोरीचा चढ त्यांनी पार केला. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. प्रत्येक कोपऱ्यावर पाय अगदी अंगणात वळावा तसा उजवीकडं वळला. मी हे सगळं त्यांच्या मिटल्या डोळ्यांच्या चेहऱ्यावर इतक्यांदा पाहिलं होतं की मलाही पुढचं पाऊल आधीच कळत होतं.

चौथ्या बाजूला निम्म्यात चर आला. मनातल्या फेऱ्यात तो कधीच नव्हता. रुंद होता, कडेला उकरलेल्या दगडमातीचा ढीग. बटईदार उडी मारून पलीकडं गेला आणि थांबला. आजोबांनी चराकडं पाहिलं. मी म्हटलं, झालं, आता मागं फिरा. त्यांनाही ते पटलं होतं. फक्त वळायचं होतं.

उजवीकडं हरभरा होता, घाट्यांनी भरलेला. येळवसेच्या दिवशी शेतकरी उभ्या पिकात पाय घालत नाही. म्हणून ते डावीकडं वळले. सगळा भार डाव्या पायावर आला आणि तो पाय जागचा हलला नाही. मी दंड धरला होता, तो माझ्या हातातून गेला. ते कमरेवर दगडांत पडले.

ओरडले नाहीत. बटईदार घागर ठेवून परत येईपर्यंत त्यांनी एवढंच विचारलं, "पिकात न्हाई ना पडलो?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. गुलबर्ग्याला ऑपरेशन झालं, आत सळई घातली. ते चांगलं झालं हे मी तुम्हाला कळवलंच होतं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की हाड जुळेल, पण पाडव्याच्या आत चालायला लागलं पाहिजे. नंतर पायातलं उरलंसुरलं बळ जाईल, मग काही करता येणार नाही.

ती मुलगी पुन्हा यायला लागली. उलट्या फेऱ्याचं तिनं नावही काढलं नाही. पलंगाशी बसून म्हणाली, अज्जा, आधी मनातूनच सुरू करू. डोळे मिटा, कोपीपासून निघा. त्यांनी मिटले. थोड्या वेळानं त्यांचा उजवा हात पलंगाचा गज शोधू लागला आणि ते दचकून जागे झाल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, काय होतं?

"चरापाशी आलो की पडायलोय. रोज पडायलोय."

तिनं पुष्कळ प्रयत्न केले. शेत सोडा, अंगणात फिरा म्हणाली. अंगणातही चर येऊ लागला. खोलीतल्या खोलीत, पलंगापासून खिडकीपर्यंत, तरी तेच. सहा महिने ज्या डोळ्यांनी त्यांनी एकेक पाऊल घोटून पक्कं केलं होतं, ते डोळे आता पडणं तितक्याच नेकीनं घोटत होते. मी शेजारी बसून पाहत होते. मला थांबवता येत नव्हतं.

माघ संपता संपता एके दिवशी त्यांनी तिला जवळ बसवून घेतलं आणि बसका गोऱ्हा म्हणजे काय ते सांगितलं. एखादा गोऱ्हा जू मानेवर असताना एकदा पडतो आणि त्यानंतर जू ठेवलं की खाली बसतो. अंगात काही कमी नसतं. तो भ्यालेला असतो. असा गोऱ्हा आला की ते मालकाला सांगत, याला मारू नका आणि औतालाही धरू नका, घेऊन जा. मालक घेऊन जायचे, उदगीरच्या बाजाराला. तिथून पुढं तो कुठं जातो ते कुणी बोलत नसे.

मी म्हटलं, "तुम्ही काय गोऱ्हा आहात?"

"मी न्हाई. पाय."

ती मुलगी रडली. ते तिला म्हणाले, बाळा, तू चांगलं शिकवलंस, उद्यापासून दुसऱ्या पेशंटाकडं जा, तिथं उपयोग होईल. ती तरी आठवडाभर येत राहिली. ते तिच्याशी छान गप्पा मारायचे, पाय मात्र द्यायचे नाहीत. मी रागावले, विनवण्या केल्या, दोन दिवस अबोलाही धरून पाहिला. पाडवा आला आणि गेला.

आता ते पलंगावरच आहेत. पाठीला जखम होऊ नये म्हणून मी आणि कामाला येणारी बाई त्यांना कुशीवर वळवतो. डावीकडं आणि उजवीकडं, दोन्ही बाजूंना. जेवतात बरे. पेपर वाचून दाखवावा लागतो. डाव्या पायावर मी चादर टाकून ठेवते, कारण तो फार बारीक झाला आहे आणि ते त्याच्याकडं बघत नाहीत.

हे सगळं लिहायला एक कारण आहे. दर रविवारी तुम्ही दोघं फोनवर त्यांना सांगता, आजोबा, हार मानायची नाही, डोळे मिटून स्वतःला चालताना बघा. ते हसून हो म्हणतात. तुम्हाला वाटतं त्यांना बरं वाटलं. फोन ठेवला की ते मला दार लोटून घ्यायला सांगतात आणि तुम्ही सांगितलं म्हणून खरोखरच डोळे मिटतात. आम्ही सांगितलेलं त्यांनी केव्हाच सोडून दिलं. तुमचा शब्द मात्र त्यांना मोडवत नाही. मी बाहेर डाळ निवडत बसलेली असते आणि आतून पलंगाचा गज वाजलेला ऐकू येतो.

म्हणून या रविवारी त्यांना सांगा की आता पुरे. आजोबा, नका बघू, असंच पडून राहा, आम्हाला चालेल, असं दोघांनीही सांगा. मी सांगून पाहिलं, माझं ऐकत नाहीत.