गोदाम कामगाराचं पत्र

माझ्या मुलीची कॉलेजातली जागा माझ्यामुळे गेली, याबद्दल आमच्या घरात दुमत नाही. वाद आहे तो एवढाच, की मी त्या शनिवारी मूर्ख ठरलो की त्याच्या आधीपासूनच होतो. बायको म्हणते, आधीपासूनच.

मी जुजे. गाव वसईकडचं, मुक्काम ओमानमधलं बरका. एकोणीस वर्षं मी इथे जनावरांच्या खाद्याच्या एका गोदामात आहे. पोती उतरवून घ्यायची, पोती चढवून द्यायची आणि चाव्यांचा जुडगा कमरेला लावून हिंडायचं, हे माझं काम. माझ्या रेसिडेंट कार्डावर सरळ लिहिलंय, ‘गोदाम कामगार’. पण ते इथे. गावात मी मॅनेजर!

हे मी मुद्दाम केलं नाही हो. पहिल्या सुट्टीला गावी गेलो तेव्हा चर्चच्या आवारात कुणीतरी विचारलं, “काय रे, तिकडे काय करतोस?” मी म्हटलं, “गोदाम मीच सांभाळतो.” यात खोटं काय? (चाव्या माझ्याच कमरेला होत्या!) पुढच्या रविवारी मागून हाक आली, “काय मॅनेजर, कसं काय?” मी वळून हसलो. वळलो नसतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मग पुढे घर बांधलं, त्याच्या फाटकावर संगमरवरी पाटी आली: ‘जुजे, मॅनेजर, मस्कत’. बरका लिहिलं असतं तर लोकांनी ते कुठे आहे म्हणून विचारलं असतं, आणि एकदा लोक विचारायला लागले की थांबत नाहीत.

आमची जॉयस इथेच वाढली. बरक्यात खेळायला पोरं कमी आणि बकऱ्या जास्त. माझा अर्बाब, म्हणजे मालक, सालिम, त्याच्या वाडीत पन्नासेक बकऱ्या आहेत, आणि जॉयस त्या सगळ्यांना नावानिशी ओळखते. दहावीत असताना एका अडलेल्या बकरीचं पिल्लू तिने स्वतःच्या हातांनी ओढून बाहेर काढलं. मी तेव्हा पोत्यामागे तोंड फिरवून उभा होतो. त्या दिवसापासून तिचं एकच, “पप्पा, मला ॲनिमल डॉक्टर व्हायचंय.” मराठी तिचं अडखळतं, पण या वाक्यावर ती कधी अडखळली नाही.

बारावीला मार्क चांगले पडले. आपल्याकडच्या एका कॉलेजात जागा मिळण्याजोगी होती. अडचण फीची. तिथे राहणाऱ्या मुलांना एक फी, आणि आमच्यासारख्या परदेशातल्यांना डॉलरमधली दुसरी. ती दुसरी ऐकून माझी बायको रीटा म्हणाली, “एवढ्यात कॉलेजच विकत देतायत का विचारा.” जॉयसने मात्र माहितीपत्रक शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि ओरडली, “मम्मी, सापडलं!”

आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी काही जागा वेगळ्या ठेवल्या होत्या आणि त्यांना फी तिथल्या मुलांइतकीच होती. लागायचं काय? बापाच्या कार्डाची प्रत आणि ‘हा माणूस आमच्याकडे कामगार आहे’ असं मालकाचं सही-शिक्क्याचं पत्र. बस्स. देवानेच आमच्याकडे बघून लिहिला असावा असा नियम!

“पप्पा, इट्स मेड फॉर अस!”

“हो,” मी म्हटलं. पण माझी नजर एका शब्दावर खिळली होती. कामगार.

कारण असं, की कार्डाची प्रत ऑनलाइन चालणार होती, पण मूळ पत्र घेऊन कॉलेजात कुणीतरी हजर राहायचं होतं, आणि ते काम रीटाचा भाऊ विन्सेंट करणार होता. विन्सेंट माणूस सोन्यासारखा. पण त्याच्या हातात कागद गेला म्हणजे तो संध्याकाळी गावातल्या बाकड्यावर मोठ्याने वाचला गेला असं समजायचं. एकोणीस वर्षांची मॅनेजरी एका बाकड्यावर संपणार!

दुसऱ्या दिवशी मी अर्बाबसमोर उभा राहिलो. तो आमच्याशी हिंदीतच बोलतो.

“अर्बाब, लेटर चाहिए. बेटी का कॉलेज.”

“तुम लिखो, मैं साइन करेगा.”

“अर्बाब, उसमें... मॅनेजर लिखूँ?”

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मॅनेजर क्यों?”

“ऐसेही. अच्छा दिखता है.”

“लिखो. डायरेक्टर लिखना है तो वो भी लिखो. खलास!” असं म्हणून त्याने कोऱ्या लेटरहेडवर सही करून ठप्पकन शिक्का मारला. भला माणूस. नाही म्हणायची सवयच नाही त्याला, आणि मला नाही म्हणणाऱ्या माणसाची तेव्हा फार गरज होती.

घरी रीटाने पत्र वाचलं. “अहो, हे काय? तुम्ही कधी झालात मॅनेजर?”

“कॉलेजवाल्यांवर छाप पडते.”

“छाप कामगाराची मागितलीय ना त्यांनी?”

“तुला ऑफिसातलं कळत नाही,” मी म्हटलं. (मलाही कळत नाही. मी गोदामात असतो.) जॉयसचा बापावर विश्वास होता, म्हणून तिने ते पत्र अपलोड केलं.

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी उत्तर आलं. कार्डावर एक हुद्दा, पत्रात दुसरा. कागद जुळत नाहीत. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत दुरुस्त पत्र द्यावे, अन्यथा अर्ज बाद. जॉयसने ते दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाली, “पप्पा, तुम्ही वर्कर आहात ना? मग वर्कर लिहायचं. त्यात काय?”

त्यात काय, ते तिला कसं सांगणार! मी लगेच अर्बाबला फोन लावला. तो पुतण्याच्या लग्नासाठी दीडेक तासावरच्या खाबुऱ्याला गेला होता. म्हणाला, “शुक्रवार को जुम्मा, घर में मेहमान. शनिवार को आओ, शादी में तो आना ही है. स्टॅम्प गाडी में है. पाँच मिनिट का काम, इन्शाल्ला.”

जॉयसने नवं पत्र स्वतः टाइप केलं. ‘गोदाम कामगार’. ठळक अक्षरात! मी ते चार घड्या घालून खिशात ठेवलं. “पप्पा, पाच म्हणजे इंडियाचे पाच. आपले साडेतीन,” तिने तीनदा बजावलं. शनिवारी दुपारी साडेबाराला आम्ही खाबुऱ्यात पोचलोसुद्धा. तीन तास हातात आणि काम पाच मिनिटांचं! रीटा आणि जॉयस बायकांच्या मांडवात गेल्या, मी पुरुषांच्या. अर्बाब समोरच बसला होता. मी खिशात हात घातला.

“अरे! विन्सेंटचे भावोजी ना तुम्ही? मॅनेजरसाहेब!”

मी हात तसाच खिशात ठेवून वळलो. पांढऱ्या टोपीतला डॉमनिक! आमच्या गावचा, मस्कतच्या एका केटररकडे सुपरवायझर. त्या लग्नाचं जेवण त्याच्याकडे होतं. अख्ख्या बातिना किनाऱ्यावर केटरर काय कमी होते?

“बसा बसा साहेब,” म्हणत त्याने मला थेट अर्बाबच्या शेजारी बसवलं आणि स्वतः पुढ्यात परात घेऊन ठाकला. अर्बाबनेही हाक ऐकली. माझ्या त्या पत्राची त्याला आठवण झाली असावी. पाठीवर थाप मारून तो पाहुण्यांना म्हणाला, “हाँ हाँ, ये मेरा मॅनेजर!” पाहुणे उठून हात मिळवायला लागले.

आता सांगा, अशा वेळी खिशातून ‘गोदाम कामगार’ कसं काढायचं? आणि तेही डॉमनिकच्या नाकासमोर? म्हटलं, हा जरा बाजूला गेला की काढू. पण हा कसला जातोय! भात वाढतोय, मटण वाढतोय, “साहेब, हा नळीचा तुकडा तुमच्यासाठी” म्हणतोय. मी खातोय. फोन थरथरला. जॉयस: ‘झालं?’ मी लिहिलं, ‘होतंय’. हलवा आला. ‘झालं?’ ‘आता होईल’. कहावा, म्हणजे अरबी कॉफी आली, खजूर आले. डॉमनिक शेजारी मांडी घालून बसला आणि गावच्या गप्पा काढल्या. एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता. खोटं कशाला बोलू, मधली काही मिनिटं मी पत्रबित्र विसरूनच गेलो होतो.

तीन वाजून वीस मिनिटांनी जॉयस स्वतःच पुरुषांच्या मांडवाच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत आली नाही. हाकही मारली नाही. नुसती मनगटावर बोट ठेवून उभी. तो चेहरा पाहिला आणि मी हातातला खजूर खाली ठेवला.

मी घाईने अर्बाबकडे वळलो. जागा रिकामी! तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अस्रची अजान झाली होती आणि तो नमाजाला गेला होता. मी मशिदीच्या पायऱ्यांशी चपलांच्या ढिगाजवळ जाऊन उभा राहिलो. शेजारी जॉयस मोबाईल हातात धरून उभी होती. नमाज काही लांबली नाही. लांबलं होतं ते माझं जेवण. अर्बाब बाहेर आला, मी पत्र पुढे केलं, त्याने वाचलं आणि कपाळाला हात लावला.

“पिछले हफ्ते मॅनेजर, आज कामगार? मैंने क्या तुमको निकाल दिया?”

“अर्बाब, यल्ला, जल्दी, प्लीज!”

गाडीच्या बॉनेटवर सही झाली, शिक्का बसला, जॉयसने फोटो काढला, पाठवला. तीन वाजून एकोणचाळीस मिनिटं. पडद्यावर इंग्रजीत उत्तर आलं, की मुदत संपली आहे. तिने ते पुन्हा करून पाहिलं. मग आणखी एकदा. मग फोन पर्समध्ये ठेवला आणि अर्बाबला म्हणाली, “शुक्रन, अंकल.” तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

परतीच्या रस्त्यावर विन्सेंटला कळवणं भाग होतं, कारण तो बिचारा सोमवारच्या कॉलेजवारीसाठी इस्त्रीचे कपडे काढून बसला होता. रीटाने फोन लावून स्पीकरवर टाकला आणि रडत रडत सगळं सांगितलं. सगळं म्हणजे सगळंच! पहिलं पत्र, दुसरं पत्र, डॉमनिक, नळीचा तुकडा. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. एकोणीस वर्षांचं गुपित खाबुरा-बरका रस्त्यावर फुटलं.

विन्सेंट म्हणाला, “पण भावोजी, डॉमनिकपासून लपवायचं काय होतं?”

“अरे, त्याने गावभर केलं असतं ना!”

“काय केलं असतं? तुमचा पहिला व्हिसा आला तेव्हा झेरॉक्सला कोण घेऊन गेलं होतं? मीच ना? लेबर लिहिलेलं दुकानात चौघांनी वाचलं. अख्ख्या गावाला तेव्हापासून माहीत आहे.”

“मग मला सगळे मॅनेजर का म्हणतात?”

“अहो...” विन्सेंट चाचरला. “बुटक्याला नाही का आपण लंबू म्हणत? तसंच ते. तुम्ही ओ द्यायचात, म्हणून लोकांना मजा वाटायची. पुढे तुम्ही पाटीच लावलीत. मग कोण बोलणार?”

रीटाने हळूच फोन बंद केला. मी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिलो. मला वाटलं होतं, जॉयस मागच्या सीटवर झोपली असेल. ती जागी होती.

“पप्पा,” ती अडखळत म्हणाली, “मग माझी सीट... कशासाठी गेली?”

मी साधा गोदाम कामगार. असले प्रश्न मॅनेजरला विचारायचे असतात.