लहान घरांच्या मोठ्या भानगडी

आमच्या कान्हे गावातल्या कारखान्यात दोन गोष्टी रोज साठतात, भुसा आणि किस्से. भुसा चुलीला न्यायला गावातल्या बायका येतात. किस्से कोणी नेत नाही, ते माझ्याच डोक्यात पडून! आम्ही लाकडाची छोटी घरं बनवतो, एका खोलीची. मी फोन घेते, ऑर्डरी लिहिते आणि गेली चार वर्षं गोंधळलेली आहे.

आता मालकच बघा. केदार. पुण्यातली आयटीतली नोकरी सोडून 'शांत, साधं जगायला' मावळात आला. सकाळी सातपासून पळत असतो! परवा म्हणाला, "सुनंदाताई, गुरुवारी चार ते साडेचार मला शांत बसायचंय, लिहून ठेवा." ठेवलं. गुरुवारी मीटिंग आली, शांत बसणं कॅन्सल झालं.

*

एक जोडपं बाणेरहून आलं. "आम्हाला कमीत कमी सामानात राहायचंय." मळवलीला प्लॉट होता, दोनशे स्क्वेअर फुटांचं घर ठरलं. आठ दिवसांनी फोन आला, शेजारी तीनशे फुटांची स्टोअर रूमही हवी. उरलेलं सामान ठेवायला!

आमचे मुख्य कारागीर म्हणजे आबा, वय अडुसष्ट. त्यांनी नकाशा सुलटा धरला, उलटा धरला. "पोरी, ह्यात मान्सं कंच्या खोलीत ऱ्हानार आन् सामान कंच्या?"

मला तरी कुठं माहीत होतं!

*

आबांचं स्वतःचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा. हे कळल्यावर घर बघायला आलेल्या एका बाईंचे डोळे चमकले. "आबा, एवढ्या कमी जागेत कसं मॅनेज करता? काही टिप्स द्या ना!"

आबा माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "टिप्स कसल्या? पाव्हणं आलं का मी भायेर झोपतो."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं.

*

खरी भानगड वेगळीच. आबांचं काम इतकं सफाईदार, की गिऱ्हाइकं विचारायची, "हे मशीनचं ना?" केदार वैतागला. "आबा, हाताचं काम ओळखूच येत नसेल तर मी मशीनच घेतो. तुम्ही घरी आराम करा."

आराम! चौदाव्या वर्षी हातात रंधा धरलेला माणूस. त्या दिवशी त्यांनी डबासुद्धा उघडला नाही. मला फार वाईट वाटलं.

मग केदारनेच तोडगा काढला. "थोड्या पटाशीच्या खुणा राहू द्या. चुका दिसू देत."

"मुद्दाम चुकू?"

"हो!"

दोन दिवस आबा विचारात. मग दारावर खुणा केल्या, पण आधी पेन्सिलीने रेघा मारून, काटकोनाचा गुण्या लावून, एकसारख्या अंतरावर! गिऱ्हाईक म्हणालं, "वा! मशीनने काय डिझाइन काढलंय!"

केदारने कपाळावर हात मारून घेतला आणि मशीनवाल्यांना फोन लावला.

*

मशीनवाल्यांनी नमुना म्हणून ड्रॉवरचं एक कपाट पाठवलं. केदारने आबांचं त्याच मापाचं कपाट शेजारी ठेवलं. लोणावळ्याच्या एक बाई निवडायला येणार होत्या. "त्यांनी मशीनचं उचललं, तर मशीन घ्यायचं," केदार म्हणाला. आबा कोपऱ्यात पटाशीला धार लावत बसले. धार कधीच झाली होती.

बाईंनी आबांच्या कपाटाचा वरचा ड्रॉवर उघडून बघितला आणि परत आत ढकलला. खालचा आपोआप बाहेर आला! खालचा ढकलला, वरचा बाहेर!

"अहो, हे बिघडलंय!"

केदारचा चेहरा पडला. मलाही काही कळेना. भुताटकी की काय!

आबा उठले. महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "बिगडलं न्हाई, बाई. खण लय नेमकं बसल्यात, हवेला जायाला फटच न्हाई. एक खण आत गेला का हवा दुसऱ्याला भायेर ढकलती."

केदारने मशीनच्या कपाटाचा ड्रॉवर उघडून आत ढकलला. बाकीचे जागचे हलले नाहीत. मग आबांचा ढकलला. मग पुन्हा मशीनचा. दहा मिनिटं हेच चाललं होतं. शेवटी माझ्याकडे न बघताच म्हणाला, "ताई, मशीनवाल्यांना कळवा, नको म्हणून."

बाई वैतागल्या. "पण मला ते मशीनचंच बरं वाटतंय! त्यात असलं काही होत नाही."

आबांनी ड्रिल उचललं.

"मंग आडलंय कुटं, बाई? माज्या कपाटाला मागनं एक भोक पाडून देतो. त्येबी तसंच व्हईल!"