निळ्या डोळ्यांच्या बोक्याची खबर

ते प्रकरण अजून माझ्या मनातून जात नाही. डोळे मिटले की म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातली रंगाऱ्यांची गल्ली दिसते, गल्लीच्या कडेचं गटार दिसतं आणि त्यातून संथ वाहत जाणारं गर्द निळं पाणी दिसतं. वर सकाळचं धुकं. दारादारांत बायका उभ्या. पोलिसात हयात गेली, खून पाहिले, दरोडे पाहिले, पण स्वप्नात येतं ते हे पाणी. बायको म्हणायची, "सगळे चोर-दरोडेखोर सोडून गटाराची स्वप्नं कसली बघता हो?" आता तिला काय सांगणार, कप्पाळ!

या हकिगतीत मी कुणाचंही नाव घेणार नाही. माझ्याबद्दल इतकंच सांगतो की आमचं घराणं म्हैसूरच्या जुन्या घोडदळातलं. पणजोबांनी तलवार चालवली, मी दंडुका चालवला. घरात मराठी बोलतो, पण तिच्यात निम्मं कन्नड मिसळलेलं. दूध नासलं की आमच्या घरी 'दूध केट्टलं' म्हणतात. पुण्याकडचे पाहुणे हसतात. हसू देत.

दसरा तोंडावर आला होता. रंगाऱ्यांच्या गल्लीत निळीत लुगडी रंगवणाऱ्या एका वयस्कर रंगारिणीच्या घरी एक विधवा बाई मुलीला घेऊन उतरली होती. त्या रंगारिणीला सगळी गल्ली अक्का म्हणायची. बाई तुंगभद्रेपलीकडच्या एका लहानशा संस्थानातून पळून आलेली. नवरा गेल्यावर दिरानं तिच्या परकरी पोरीचं लग्न तिथल्या जहागीरदाराशी ठरवलं. या नवरदेवाला नातवंडं होती! हळद लागायच्या आधी ही माउली पोरीचा हात धरून जी निघाली, ती थेट म्हैसूरला आली. पाठोपाठ संस्थानचा कारकून हजर. त्याची मागणी अशी की बाई जहागीरदाराचे दागिने चोरून पळाली आहे, तिला आणि मुलीला आमच्या स्वाधीन करा.

कायदा असा होता. बाई परकी प्रजा ठरली आणि चोरीला थोडाफार आधार दिसला, तर तिला परत पाठवायचं. ती म्हैसूरची ठरली, तर जी काही चौकशी होईल ती आमच्याच कोर्टात. मग कुणाची छाती नव्हती तिला न्यायची. बाईचं म्हणणं होतं की तिचा जन्म याच गल्लीतला. आई इथलीच रंगारीण. ही अंगावर पीत असताना आईबाप कामासाठी तिकडे गेले आणि तिकडेच संपले. आता कागद कुठला आणि साक्षीदार कुठला! पण आमच्या गावातले एक म्हातारे कन्नड वकील तिच्यासाठी उभे राहिले. पगडी नेहमी वाकडी, जीभ मात्र सरळ. त्यांनी आश्रयाचा अर्ज लिहून दरबारात घातला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी पोलिसांचा अहवाल मागवला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं.

मी आधी अक्काचा जबाब घेतला. कोपरापर्यंत निळे हात मांडीवर ठेवून ती म्हणाली, "हिच्या आईला मी चांगली ओळखत होते, स्वामी. पण ही तीच पोर, हे कशावरून सांगू? तान्ही होती ती. घरात ठेवीन, चार घास घालीन. पण चामुंडीची शपथ घेऊन खोटं बोलणार नाही."

"अहो, एक शब्द बोललात तर दोन जीव वाचतील," वकील काकुळतीला येऊन म्हणाले.

"ठाऊक नाही ते ठाऊक आहे म्हणू? ते नाही जमायचं."

वकिलांनी पगडी काढून डोकं खाजवलं. त्यात बाईची बोलीही तिच्या विरुद्ध जाणारी. शुद्ध तिकडची मराठी, कन्नडचा वाससुद्धा नाही. कारकून टाळी वाजवून म्हणाला, "ऐका, ऐका तिचं बोलणं! ही म्हैसूरची?" मलाही मनातून तेच वाटत होतं.

मग एक दिवस तोच कारकून धापा टाकत ठाण्यात आला. बाजारात खबर पिकली होती. अक्काच्या घरी कुणी परदेशची राणी लपली आहे, तिच्या वाकळेत रत्नांची पेटी शिवलेली आहे आणि त्या पेटीवर निळ्या डोळ्यांचा एक बोका बसलेला असतो. कुणी हात लावायला गेलं की तो माणसासारखा शिंकतो.

"शिंकतो?" मी विचारलं.

"बोक्याचं सोडा हो साहेब, पेटीचं बघा!"

खबर आली म्हणजे झडती घेणं भाग होतं. पंच बोलावले, वाकळ उसवली. आत जुन्या लुगड्यांच्या चिंध्या निघाल्या. पेटी नाही, बोकाही नाही. पोरगी मात्र माझ्याकडे अशी बघत होती, की मी तिचं पांघरूण नव्हे, तिलाच उसवतोय. कारकुनानं तेवढ्यात नवा सूर लावला, की पेटी हलवली. बाजारातली पाच माणसं उभी करतो, सगळ्यांच्या तोंडी पेटी आहे. ऐकीव असलं तरी 'थोडाफार आधार' ठरायला ते पुरलं असतं.

बाईला मी ठाण्यात बोलावलं. चौकशीची माझी पद्धत साधी होती. आरोप सावकाश वाचून दाखवायचा आणि तोंडाकडे बघत बसायचं. खोटा माणूस आरोपाच्या मध्येच बोलायला लागतो, खरा शेवटपर्यंत ऐकतो. मी वाचत गेलो. राणी, वाकळ, पेटी. बाई खाली मान घालून ऐकत होती. बोक्यापाशी आलो, तो शिंकतो असं वाचलं, आणि बाई हसली! पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. म्हैसुरात आल्यापासून तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. हसता हसता तिच्या तोंडून निघून गेलं, "अगंबाई! नीळ केट्टली का?"

माझा हात कागदावरच राहिला. केट्टली! हा आमच्या घरातला शब्द, आमच्या चुलीपाशी बोलला जाणारा, आणि तो या परक्या बाईच्या तोंडी?

"काय म्हणालीस?"

तिनं जीभ चावली. "काही नाही."

"हा शब्द कुठला?"

"आई म्हणायची."

"आणि त्याचा अर्थ?"

"तो सांगायचा नसतो."

आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला. शेवटी म्हणालो, "अगं, सुनावणी उद्यावर आली. पोरीला ओढत नेतील. तुला सुटायचंय की नाही?" तिनं बाहेरच्या बाकावर झोपलेल्या मुलीकडे पाहिलं. डोळे भरून आले, पण तोंडातून निघालं ते भलतंच. "मी बोलले तर ज्या घरानं मला थारा दिला, ते घर बुडेल. तेवढं नका बोलायला लावू, दादा."

स्वतःला वाचवायला गप्प बसणारे ढीगभर पाहिले होते. दुसऱ्यासाठी गप्प बसून स्वतःच्या मुलीला पणाला लावणारी ही पहिलीच. मला तिचा रागही आला आणि कौतुकही वाटलं.

आता एकच वाट होती, अफवेचा माग उलटा काढायची. आमच्या हवालदारानं ती गूळवाल्याकडून ऐकलेली. गूळवाल्यानं न्हाव्याकडून, न्हाव्यानं मल्लिगेचे, म्हणजे मोगऱ्याचे, गजरे करणाऱ्या बाईकडून. प्रत्येकाच्या तोंडी गोष्ट बदलत होती. राणीची बेगम झाली, एका पेटीच्या दोन झाल्या, वाकळेचं गाठोडं झालं. पण बोका तोच, निळ्या डोळ्यांचा, शिंकणारा. सांगोवांगीत एखादी गोष्ट बदलतच नसेल, तर ती कुणीतरी मुद्दाम पेरलेली असते, हे मी ठाण्यात बसून शिकलो होतो. गजरेवालीनं निरागसपणे सांगितलं, "मला? मला अक्कानं सांगितलं की!"

दुसऱ्या दिवशी पहाट ओसरताच मी अक्काच्या परसात गेलो. धुकं इतकं होतं की दोरीवरची ओली निळी लुगडी नुसतीच अधांतरी तरंगत होती. पलीकडे कुठं भिंत आहे, कुठं आकाश आहे, काही कळत नव्हतं. मध्ये जमिनीत पुरलेला निळीचा भला मोठा रांजण, तोंडावर गोणपाट, गोणपाटावर लिंबू आणि झेंडूचं फूल. जवळ गेलो तर नाकात आंबूस घाण शिरली. त्या धुक्यात मला क्षणभर वाटलं, आता रांजणाच्या काठावर तो बोका येऊन बसणार.

आली ती अक्का. "सुम्मने, मुकाट्यानं परत जा, साहेब. आज काही विचारू नका. दसरा होऊ दे, मग सगळं सांगते."

"दसऱ्याला ती इथं नसेल, अक्का."

"का? झडतीत काही सापडलं नाही ना? मग तिला कसला बाध?"

मी तिला समजावलं, की तिच्या तोंडून निघालेली पेटी आज दुपारी कोर्टात पुरावा म्हणून उभी राहणार आहे. ती दोरीवरचं लुगडं पिळत ऐकत राहिली. मग मी म्हणालो, "आणखी एक. बोक्याचं ऐकून ती बाई हसली. म्हणाली, नीळ केट्टली का?"

अक्काचे निळे हात थांबले. "परत बोला."

मी परत बोललो. "आणि अर्थ विचारला तर गप्प. म्हणाली, ज्या घरानं थारा दिला ते बुडेल."

अक्का मटकन खाली बसली. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तिनं रांजणाच्या काठावर हात ठेवला आणि हमसून हमसून रडायला लागली. "अय्यो, माझीच ती! माझ्या गल्लीची लेक माझ्या दारात आली, आणि मी म्हातारी तिला ओळखत नाही म्हणाले!" याहून जास्त ती काही बोलेना. मीही विचारलं नाही.

दुपारी कोर्टात सगळ्यांत आधी अक्काच उभी राहिली. शपथ घेतली आणि म्हणाली, "पेटीची लोणकढी मी सोडली." पाठीमागं गल्लीतल्या बायकांचा एकदम हुंकार उठला. मग तिनं सांगितलं. रांजणातली नीळ नासली की रंगाऱ्याचं घर एक थाप गावात सोडतं. थाप जितकी लांब जाईल, तितकी नीळ लवकर वळते, पुन्हा रंग धरते. पण आपल्या माणसांनी फसू नये म्हणून म्हैसूरच्या रंगाऱ्यांच्या थापेत निळ्या डोळ्यांचा, शिंकणारा बोका असतोच. हे आई लेकीला सांगते, बाहेर कुणाला नाही. आणि नीळ वळायच्या आत थाप कबूल केली, तर रांजण मरतो.

"अक्का, नको!" ती बाई आरोपीच्या जागेवरून ओरडली. "बोलू नका! रांजण मरेल!"

"मरू दे," अक्का म्हणाली. "रांजण पुन्हा लावता येतो."

कारकून ताडकन उठला. "हुजूर, ही म्हातारी खोटं बोलल्याचं स्वतःच कबूल करतेय. हिच्यावर भरवसा कसला?"

अक्का त्याच्याकडे वळली. "गावात सोडलेली थाप वेगळी आणि चामुंडीची शपथ वेगळी. एवढंही कळत नाही होय रे तुला? शपथेवर मी हिला ओळखत नाही म्हणाले, तेव्हा ते खरं होतं. आज ओळखते म्हणतेय, हेही खरं आहे."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मला विचारलं, "इन्स्पेक्टर, 'केट्टली' ही कुठली भाषा?"

"आमच्या घरांतली, हुजूर," मी म्हणालो. "कन्नड माणसाला ती मराठी वाटते, पुण्याच्या माणसाला कन्नड. म्हैसूरच्या मराठी घरात वाढलेल्या आईशिवाय हा शब्द कुणी देणार नाही." वकिलांनी पगडी सरळ केली. मी ती सरळ पाहिली ती त्या एकाच दिवशी.

बाई म्हैसूरची प्रजा ठरली. चोरीला आधार उरला नाही. दरबारातून आश्रयाचा हुकूम आला आणि कारकून तोंडात मारल्यासारखा आल्या वाटेनं गेला.

पण रांजण मेला. खरंच कबुलीनं मेला, की तो आधीच गेलेला होता, ते मला विचारू नका. मी पोलीस आहे, रंगारी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं आणि त्या बाईनं मिळून तो उपसला. घागरीमागून घागर, सगळी नीळ गटारात. हेच ते पाणी. बाई रडत होती आणि उपसत होती. पोरगी मात्र त्या निळ्या पाण्यात पाय बुडवून उभी राहिली, आणि तिला कुणी रागावलं नाही. त्या दसऱ्याला मी बन्नीमंटपाच्या वाटेवर मिरवणुकीच्या बंदोबस्ताला होतो. पागेतल्या मोतद्दारांचे निळे फेटे दर वर्षी अक्काच्या रांजणातून निघायचे. त्या वर्षी ते दुसऱ्या गावाहून रंगून आले होते. रंग चांगला होता. मला तो बघवला नाही.

माणूस कुठला, हे ठरवायला आम्ही कागद मागतो, साक्षीदार मागतो. मागायलाच हवेत, त्याशिवाय कोर्ट कसं चालेल? पण या प्रकरणानंतर दारात कुणी परका आसरा मागत आला, की मी एक जास्तीची गोष्ट बघायला लागलो. तो कुणासाठी गप्प बसतो, आणि त्याच्यासाठी कोण बोलतो.

ती पोरगी त्याच गल्लीत वाढली, यथावकाश तिथल्याच एका घरात दिली. आता विलायती पुड्यांचा रंग आलाय, गल्लीतला शेवटचा रांजणही बुजवला, म्हणून हे सांगायला हरकत नाही. पण पुड्या यायच्या आधीची एक आठवण राहिली. पेन्शन घेतल्यावर एकदा सकाळी दूधवाला दारात येऊन म्हणाला, "कळलं का स्वामी? चामुंडीच्या डोंगराच्या पायऱ्यांवर सोन्याची शिंगं असलेला नंदी उतरलाय म्हणे. आणि त्याच्या पाठीवर एक बोका बसलाय, निळ्या डोळ्यांचा."

"शिंकतो का?" मी विचारलं.

"हौदु, होय स्वामी! तुम्हाला कसं ठाऊक?"

चपला पायात सरकवल्या, काठी घेतली आणि शेजारच्या दोन्ही घरी जाऊन ती बातमी सांगून आलो. नंदी थोडा मोठा केला. बोक्याला हात लावला नाही.